ताणाचं ऋण

मोखाड्याच्या आश्रमशाळेतून मी जव्हारच्या महाविद्यालयात आलो आणि तिथून भौतिकशास्त्र शिकायला मुंबईला गेलो. अतिवाहकतेबद्दलची माझी समज तेव्हा फार तोकडी होती. धातू पुरेसा थंड केला की त्याचा विद्युतरोध शून्य होतो, एवढंच ठाऊक होतं. अशा धातूची तार दाबली, ओढली, वाकवली तर काय होतं, हा प्रश्न मनात कधी आलाच नव्हता. तो प्रश्न मला माझ्या मार्गदर्शक सरांनी दिला, आणि पुढची सगळी वाट त्या प्रश्नाने दाखवली.

ती वाट अणुसंमीलन भट्टीकडे जात होती. तिच्यातला तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने आवरतात. गांधीनगरच्या एसएसटी-१ या भट्टीत त्यासाठी नायोबियम-टायटेनियमच्या अतिवाहक तारा आहेत. त्या वळवाल तशा वळतात. पण फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या भट्टीच्या मुख्य चुंबकांत क्षेत्र १२ टेस्लाच्या जवळ जाणार आहे आणि वेटोळ्यांतून ६८,००० अँपिअर प्रवाह वाहणार आहे. तिथे नायोबियम-टिनच लागतं, आणि ते ठिसूळ. मिलिमीटरहून बारीक तारेत त्याचे काही मायक्रॉन जाडीचे हजारो तंतू असतात. लांबीत अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडला तरी प्रवाह वाहून नेण्याची क्षमता चांगलीच घटते.

“मग अशी तार वळवतात कशी?” मी विचारलं. सर म्हणाले, “तुमच्याकडे कणगी कशी विणतात?”

आजा कणग्या विणायचा. बांबू ओला असतानाच कोयत्याने चिरायचा, कांबी काढायचा आणि लगेच विणायला बसायचा. वाळलेली कांब वळवली की कडकन मोडते. हे सांगता सांगताच मला उत्तर मिळालं. नायोबियम आणि कथील (म्हणजेच टिन) तारेत वेगवेगळे असतात, तेव्हाच तिचं वेटोळं करतात. मग ते सुमारे ६५० अंश सेल्सिअसला कित्येक दिवस भट्टीत ठेवतात, आणि ठिसूळ संयुग जागच्या जागी तयार होतं. आजाच्या विद्येला सरांनी असा मान दिला, आणि वर्गात बोलायचा माझा संकोच त्या दिवशी गेला.

खरा अभ्यास पुढेच होता. ६५० अंशांवरून उणे २६९ अंशांपर्यंत उतरताना तारांभोवतीचं पोलादी कवच त्यांच्यापेक्षा जास्त आकसतं आणि त्यांना दाबतं. प्रवाह सुरू झाला की चुंबकीय बल तारांना आडवं ढकलतं. जिथे आधार नाही तिथे त्या वाकतात आणि तंतूंना तडे जातात. इटरच्या मधल्या चुंबकासाठी केलेल्या सुरुवातीच्या केबलींची स्वित्झर्लंडमध्ये व्हिलिगेनला चाचणी झाली, तेव्हा भार जसजसा पुन्हा पुन्हा दिला तसतशी त्यांची कामगिरी घसरत गेली. उपाय तारांच्या पिळात सापडला. पीळ आखूड आणि घट्ट केल्यावर प्रत्येक तारेला शेजारच्या तारांचा आधार मिळाला आणि घसरण थांबली. या चाचण्यांचे आलेख सरांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतले. पहिल्या निकालावर विसंबायचं नाही, ही सवय मला तिथे लागली.

आता मी जव्हारला शिकवतो. शाळेत कधी न गेलेला आजा आणि आता निवृत्त झालेले सर, या दोघांचं देणं माझ्याच्याने फिटणारं नाही. आदिवासी पाड्यांवरची मुलं ज्यांच्या वर्गात बसतात, त्या शिक्षकांना मात्र एक विनंती करतो. नवा धडा सुरू करण्याआधी मुलांना विचारा, तुमच्या घरी कोणतं काम चालतं? आणि त्यांचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या.