हवेतला टाका

केनवडला एसटीची वाट पाहत उभा होतो, तेवढ्यात भाच्याचे फोटो आले. पोरगं व्हेनिसला गेलेलं. आगीच्या भीतीनं 1291 साली तिथल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, त्या भट्ट्यांचे फोटो. पलीकडच्या बुरानो बेटावर म्हाताऱ्या बाया सुईनं लेस विणतात, त्यांचेही. त्यांच्या जुन्या टाक्याचं नाव ‘पुंतो इन आरिया’, हवेतला टाका. खाली कापडच नसतं म्हणे. शेवटी प्रश्न : ‘मामा, आपल्याकडं आहे का असं काही?’

‘आहे न बाबू,’ मी लिहून मोकळा झालो. मग म्हटलं, बोललोच आहे तर आजचा दिवस त्यातच घालवू.

डोणगाव मागं पडलं. मेहकरला बालाजीचं दर्शन उभ्या उभ्याच झालं. 1888 साली जमिनीतून निघालेली ती काळी मूर्ती खरं तर तासभर बसून पाहायची. पण लोणारची गाडी लागलेली होती.

लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात भरदुपारी अंधार. कुणीतरी मोबाइलचा उजेड वर धरला आणि छतावरच्या दगडी आकृत्या एकदम जाग्या झाल्या. मान दुखेस्तोवर पाहत राहिलो. एवढ्या उंचीवर, एवढ्या अंधारात, कुणी पाहावं म्हणून कोरलं असेल हे? लवणासुराला विष्णूनं इथंच मारला, त्याचीच गुहा म्हणजे हे सरोवर, असं गावातलं पोरगंही सांगतं. शास्त्रज्ञ उल्का सांगतात. मला दोन्ही पटतं.

विवराच्या काठावर आलो. या काठापासून त्या काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरच्या वर, आणि तळाशी खारं पाणी. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात त्याचीच चर्चा होती. पण मला त्या दिवशी काचेचं वेड लागलेलं. उल्का आदळली तेव्हा इथला काळा पाषाण वितळला आणि त्याची काच झाली. तिचे बारीक गोळे इथल्या मातीत सापडले आहेत. ना भट्टी, ना फुंकणी. मुरानोवाल्यांना कळवायला पाहिजे.

परतीच्या वाटेवर एका बंजारा तांड्यावर ओळखीची याडी, म्हणजे आई, राहते. तिच्याकडं चहाला थांबलो. फोटो दाखवले, तशी ती उठली, पत्र्याची पेटी ओढली आणि आपली कांचळी, म्हणजे चोळी, बाहेर काढली. सुनांनी फेटिया-कांचळी, हा घागरा-चोळीचा पोशाख, कधीच सोडला. ही मात्र वर्षातून एकदा उन्हाला घालते. आरसे, कवड्या, लाल-पिवळा दोरा. समुद्रापासून इतक्या लांब या कवड्या कुठल्या हाटातून आल्या, तिलाही आठवेना. आईची कांचळी, एवढंच.

एक आरसा निखळला होता. ती लावायला बसली. आरशाला भोक नसतं, हे मी पन्नाशी उलटल्यावर पाहिलं. काचेवरून चार धागे आडवे-उभे ताणायचे, कडेनं त्यांनाच टाके घालत गोल फिरायचं. सुई कापडात शिरते ती फक्त काठाला. काचेवर धागा धाग्यालाच धरून असतो.

‘हवेतलाच की हा,’ मी म्हणालो.

‘हवा नको सांगू,’ ती म्हणाली, ‘सुई ओवून दे. मले दिसत नाही.’

तिसऱ्या खेपेला ओवली.