दुसरी सीट कोणाची?

'कूपे' हा शब्द आमच्या पिढीला मोटारीने नव्हे, रेल्वेने शिकवला. फर्स्ट क्लासच्या डब्यात चार बर्थची केबिन आणि दोन बर्थचा कूपे. हा कूपे नवविवाहितांना, आमदारांना आणि तिकीट तपासनीसाच्या मेव्हण्यालाच मिळतो, अशी आम्हा स्लीपरवाल्यांची श्रद्धा होती. त्यात सुख काय असेल, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नव्हती. तो दोघांचाच असतो, आणि आपल्याकडे दोघांचेच असे फारसे काही नसते. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा दोघांचेच म्हणून काढलेल्या फोटोत कोपऱ्यात एक मामा असतोच.

पुढे कळले की हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ 'कापलेला'. घोडागाड्यांच्या काळात समोरासमोर बसायच्या मोठ्या बग्गीतली एक बाजू कुणीतरी कापून टाकली. जी आखूड गाडी उरली तिला हे नाव पडले, आणि मोटारी आल्यावर ते दोन दारांच्या, मागे उतरत जाणाऱ्या छपराच्या मोटारीला चिकटले. स्पोर्ट कूपे ही त्यातली चपळ जात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे मला या व्यवहाराचे फार कौतुक वाटते. दारे कमी, सीटा कमी, डोक्यावरची जागा कमी, डिकी कमी आणि किंमत जास्त! वजावट केल्यावर बाकी वाढते, असा जमाखर्च मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता.

अशी एक गाडी घ्यावी, असे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या मनात आले.

यात माझा दोष नाही. गेली बावीस वर्षे मी बँकेत वाहनकर्जाच्या फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेतो आहे. माझ्या हातून निघालेल्या मोटारी चंद्रपूरच्या गांधी चौकात माझ्याच स्कूटरला हॉर्न मारतात. मिठाईच्या दुकानात बावीस वर्षे काम करणाऱ्या माणसाने एक दिवस बर्फीचा तुकडा तोंडात टाकला, तर त्याला कुणी हावरट म्हणू नये.

म्हणून आधी हिशेब मांडला. आठ लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षे मुदत. हप्ता १२,८७१ रुपये. सात वर्षांत व्याजच दोन लाख एक्याऐंशी हजार. शेवटचा हप्ता भरेन तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा असेन, म्हणजे स्पोर्ट माझ्यातून गेलेला असेल आणि गाडी तेवढी उरेल.

मग बाजार पाहिला. नवी कोरी, दोन दारांची आणि स्वस्त अशी कूपे आपल्या देशात मिळते का? अनुभवाअंती सांगतो, ही तिन्ही विशेषणे एकदम मागू नयेत. कुणी प्रयत्न केला नाही असे नाही. १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची दोनच माणसांची, फायबरच्या अंगाची एक गाडी आली. इंजिन रेनॉचे, १,१४९ सीसीचे. वादळ नाव घेऊन आली आणि झुळकीसारखी निघून गेली. २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रिया यांची अवंती अवतरली. दिसायला अशी की पाहणाऱ्याने वही पुढे करून सही मागावी. पण किंमत तीस लाखांच्या पुढे. २०१७ च्या मार्चमध्ये टाटांनी जिनिव्हाच्या प्रदर्शनात रेसमो नावाची दोन सीटांची कूपे मांडली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती. मी तिचे चित्र टेबलाच्या काचेखाली ठेवले. गाडी रस्त्यावर आलीच नाही. चित्र अजून आहे.

जगात माझदाची एमएक्स-५ १९८९ पासून धावते आहे आणि तिकडचे कारकून ती घेतात, असे मी वाचतो. आपल्याकडे ती विकायलाच आली नाही. २०१६ साली फोर्डची मस्टँग मात्र आली, ६५ लाखांना. केवळ व्यावसायिक कुतूहल म्हणून मी तिचाही हप्ता काढला. महिना एक लाख साडेचार हजार. एवढी रक्कम दरमहा मला कुणी देणार असेल तर मी मस्टँगशिवायही सुखात राहीन.

तेव्हा जुनी बघणे आले. त्यासाठी एका रविवारी नागपूर गाठले. तिथल्या एका जुन्या गाड्यांच्या आवारात एक चंदेरी, जर्मन, बारा वर्षांची कूपे उभी होती. मालक म्हणाला, "पाहून तर घ्या ना जी. डॉक्टरसाहेबांची गाडी आहे. फक्त रविवारी निघे."

जुन्या गाडीचा पहिला मालक नेहमी डॉक्टरच कसा असतो, हे मला बँकेतही कळलेले नाही. मी विचारले, "मग विकली कशाला?"

"रविवार कमी पडे ना जी त्यायले!"

अशा विक्रेत्यापुढे माणसाने काय बोलावे? मी दार उघडले. ते एवढे लांब होते की उघडताना शेजारच्या गाडीची परवानगी घ्यावी लागली. आत मी बसलो असे म्हणता येणार नाही, मी पडलो. पण पडलो ते अशा जागी की उठावेसे वाटेना. स्टिअरिंग हातात, पाय लांब पसरलेले, पुढे लांबलचक बॉनेट, आणि आरशात मागे कुणीही नाही! मागे दोन सीटा नावाला होत्या. तिथे फार तर वकिलाची बॅग बसली असती. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यामागे कुणी रांगेत उभे नव्हते. पाचेक मिनिटे मी डोळे मिटून तसाच बसलो. उतरताना मात्र एक हात मालकाने दिला आणि एक त्याच्या पोऱ्याने.

खाली उतरल्यावर आतला बी.कॉम. जागा झाला. विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षभरात पंधरा, दोन वर्षांत वीस, अशी घसरत पाचव्या वर्षी निम्मी होते. पाच वर्षांनंतर तक्ता हात टेकतो. किंमत विमा कंपनी आणि मालकाने आपसात ठरवायची. म्हणून जुनी परदेशी कूपे स्वस्त दिसते. पण घसारा गाडीला लागतो, तिच्या सुट्या भागांना लागत नाही. बारा वर्षांच्या गाडीचा मागचा दिवा फुटला तर नवा दिवा आजच्याच भावाने येतो, आणि येतो तोही परदेशातून. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर होते. खर्च कुठलाही फॉर्म न भरता नावावर होतो.

शिवाय ही गाडी चालवायची कुठे? सौ.चे माहेर गडचिरोलीला. दोन्ही घरे मुळात एकाच जिल्ह्यातली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी सरकारने वाटणी केली आणि आमची सासुरवाडी परजिल्ह्यात गेली. नंबरप्लेटी मात्र अजून शेजारी शेजारी बसतात, तिकडची एमएच ३३, आमची एमएच ३४. रस्ता चिचपल्ली, केळझर, मूल असा, निम्मा जंगलातून. रस्त्यांच्या शास्त्राप्रमाणे गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि पावणेचार मीटर रुंद असावा. गावोगावचे गतिरोधक हे शास्त्र वाचून बांधलेले नसतात. घरकुलातून उरलेल्या सिमेंटाच्या प्रमाणात ते वाढतात. कूपेचे पोट जमिनीपासून बारा-तेरा सेंटीमीटरवर. म्हणजे मूल येईपर्यंत तिने किती वेळा साष्टांग नमस्कार घालायचा? आणि त्या जंगलात वाघ रस्ता ओलांडतो, हे काही पर्यटन खात्याचे काव्य नव्हे. उंच जीपमधून वाघ पाहणे वेगळे आणि त्याच्या गुडघ्याच्या पातळीवर बसून पाहणे वेगळे. त्यात मे महिन्यात पारा ४७-४८ ला टेकतो आणि कोळशाच्या ट्रकांमागे चंदेरी रंग राजुरा येईपर्यंत राखाडी होतो.

तरीही मी गाडी घेतली असती. रस्ता, वाघ आणि ऊन या गोष्टी माणूस हौसेपोटी सोसतो. अडचण निघाली ती घरात.

मोबाइलवर काढलेला फोटो मी आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "बाबू, यात बसाचं का लोटाचं?"

"बसायचं, आई. छान आरामशीर सीट आहे."

"किती?"

"दोन."

आई काही बोलली नाही. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. तीही काही बोलली नाही. आमच्या घरात या दोघी एकाच वेळी गप्प बसल्याचे मला तरी आठवत नव्हते. मग सौ.ने पदराला हात पुसत अगदी सहज विचारले, "एक तुमची. दुसरी कोणाची?"

वाचकहो, जगातल्या एकाही मोटार कंपनीने या प्रश्नाचे उत्तर आपल्या माहितीपत्रकात दिलेले नाही. इंजिन किती, मायलेज किती, सगळे छापतात. दुसरी सीट कोणाची, हे छापत नाहीत. आईची म्हणावे तर सौ.च्या माहेरी कधीच जायचे नाही असा अर्थ निघतो. सौ.ची म्हणावे तर आईला चंडिकेच्या देवळापर्यंत कोण नेणार? आळीपाळीने म्हणावे तर रजिस्टर ठेवावे लागेल, आणि त्यावर सही कुणाची? मराठी घरात मोटारीची मागची सीट ही बसण्यासाठी नसतेच. ती तहासाठी असते. पुढे कोण बसले याचा राग मागे बसून हळूहळू उतरवता यावा, एवढ्यासाठी तिची रुंदी ठेवलेली असते.

आणि मला एक रात्र आठवली. दोन वर्षांपूर्वी आईला अचानक धाप लागली आणि डॉक्टरांनी नागपूरला हलवा म्हटले. शेजाऱ्यांनी आपली जुनी चार दारांची गाडी काढली. मी पुढे बसलो. मागे आई आडवी, आणि तिचे डोके सौ.च्या मांडीवर. दीडशे किलोमीटर. एरवी भाजीत मीठ किती यावरून दिवसभर अबोला धरणाऱ्या त्या दोघी अंधारात काहीतरी कुजबुजत होत्या. वरोऱ्याच्या पुढे आई म्हणाली, "पाय दुखले असतील तुहे." सौ. म्हणाली, "नाही जी, तुम्ही निजा." बस, एवढेच. आई दहा दिवसांनी घरी आली आणि अकराव्या दिवशी मिठावरून पुन्हा भांडण सुरू झाले, तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास सोडला. कूपेत त्या रात्री रोगी मावला असता, ड्रायव्हरही मावला असता. मांडी देणारे माणूस तेवढे मावले नसते. फ्रेंचांनी नेमके तेच कापले आहे.

हे कळलेला मी पहिला नव्हे. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड १९६१ साली दोन दारांची निघाली. मार्क थ्रीपर्यंत येता येता तिला चार दारे लावावी लागली. टाटांची सिएरा १९९१ साली दोन दारांची आली. २०२५ साली परत आली ती मागच्या दारांसकट. आपला देश कुठल्याही दोन दारांच्या गाडीला काही वर्षांत सासरची माणसे बसवून चार दारांची करतो. २०२४ साली तर कंपन्यांनी शहाणपणाची कमाल केली. टाटांची कर्व्ह आणि सिट्रोएनची बसाल्ट, दोन्ही त्या वर्षी आल्या. छप्पर कूपेसारखे उतरते, दारे चार, माणसे पाच, पोट जमिनीपासून चांगले उंच. पाठीमागून पाहिले तर हौस, बाजूने पाहिले तर संसार! बसाल्टची सुरुवात ७ लाख ९९ हजारांपासून होती. आठ लाखांतून हजार रुपये उरत होते.

बँकेच्या माणसाला यातही एक गंमत दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून लांब गाड्यांवर ४० टक्के. कर्व्ह भरते ४,३०८ मिलिमीटर. म्हणजे हद्दीबाहेर गेली ती शाळेतल्या एका फूटपट्टीएवढी. फूटपट्टीभर ऐटीसाठी बावीस टक्के! पण खरे सांगू का, एवढ्या वर्षांत मी फूटपट्टीभरही ऐट केलेली नाही. सौ.लाही ते मान्य झाले. आई म्हणाली, "यात बसाले जमते. घे."

उतरत्या छपराची एक गाडी ठरवून मी दुसऱ्या दिवशी स्वतःचाच कर्जाचा अर्ज स्वतःच्याच टेबलावर घेतला. कर्जाचा हेतू, असा त्यात एक रकाना असतो. बावीस वर्षांत मी त्यात 'कौटुंबिक', 'नोकरीवर जाण्यासाठी', 'शेतीच्या कामासाठी' असे सगळे वाचले. मी सुवाच्य अक्षरात लिहिले : 'हौस'. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "कॉम्प्युटर हे घेत नाही हो. यादीतलं काहीतरी निवडा."

यादीत 'स्वतःच्या वापरासाठी' असा एक पर्याय होता. मी त्यावर खूण केली. स्वतःच्या म्हणजे नक्की किती जणांच्या, हे कॉम्प्युटरने विचारले नाही.