कर्नाळ्यातील सोनेरी जाळे

पनवेल मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने निघाले, की थोड्याच वेळात अंगठ्यासारखा उभा असलेला कर्नाळ्याचा सुळका दृष्टीस पडतो. त्याच्या परिसरातील पक्षी अभयारण्य १९६८ साली स्थापन झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर आहे. येथे येणाऱ्यांची नजर बहुधा झाडांच्या शेंड्यांवर, भृंगराज आणि स्वर्गीय नर्तकाच्या शोधात असते. पाऊस ओसरल्यानंतर मात्र दोन झाडांमधील मोकळ्या जागेकडेही पाहावे.

तेथे उन्हाची तिरीप पडताच भलेमोठे जाळे सोन्यासारखे उजळते. ‘जायंट वुड स्पायडर’ या महाकाय कोळ्याचे हे घर. काळी-पिवळी मादी डोके खाली करून त्यात निश्चल बसलेली असते. तिचे शरीर चार-पाच सेंटीमीटरपर्यंत लांब. जाळ्याच्या कडेचा तांबूस नर जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा. नवख्याला तो तिचे पिल्लूच वाटतो. चांदीच्या थेंबासारखे इवलेसे परके कोळीही तेथे मुक्कामाला असतात आणि तिने दुर्लक्षिलेल्या बारीक भक्ष्यावर गुजराण करतात. मादीची दृष्टी मंद असते; धाग्यांच्या कंपनांवरून ती सारे जाणते.

अशा जाळ्यात फुलपाखरू अडकले, की पाहणाऱ्याचा हात नकळत पुढे होतो. एखादा नातू कळवळून म्हणतो, ‘‘आजी, सोडव ना गं त्याला!’’ आजीचाही जीव तुटतो. परंतु हात घातला तर जाळे फाटते, चिकट धाग्यांतून ओढताना नाजूक पंखही फाटतात आणि अंड्यांवर आलेली मादी उपाशी राहते. एकावर केलेली दया दुसऱ्याच्या मुखातील घास काढते. आजी नातवाचा हात धरून उभी राहते; ते उभे राहणे सोपे नसते.

पुढे पायवाटेवरच जाळे आडवे येते. येथे मात्र निर्णय सर्वस्वी माणसाचा असतो. काठीने ते बाजूला सारणे सहज शक्य असते. वाट सोडून वळसा घालावा, तर ही मादी अंडी जमिनीतील उथळ खळग्यात घालून माती-पाचोळ्याने झाकते. पाय नेमका त्यांवरच पडायचा. म्हणून आजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकते आणि जाळ्याखालून हळूच पलीकडे जाते. मागोमाग नातूही वाकतो. जाळे तसेच झळकत राहते.