रिकाम्या चौकोनाची गोष्ट

मैत्रिणीच्या लग्नासाठी नागपूरला गेले होते. एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून वर्धा गाठलं. उतरल्यावर पहिलं काम काय? अर्थातच गोरसपाक! पहिला घास घेतला आणि डॉक्टर आठवले. ‘वडिलांना डायबेटिस आहे, तुमची शुगर बॉर्डरवर. रोज चाला.’

चालत होते की! सलग एकोणीस दिवस. कॅलेंडरच्या चौकोनात रोज लाल फुली. विसाव्या दिवशी डेडलाइन आली, चौकोन रिकामा राहिला आणि बूट जे पलंगाखाली गेले, ते गेलेच. करायचं तर पर्फेक्ट, नाही तर नकोच. ओळखीचं वाटतंय ना?

उरलेला गोरसपाक पर्समध्ये टाकला आणि ऑटोनं पवनारला निघाले. खाली धाम नदी, वर टेकाडावर विनोबांचा आश्रम. इथूनच १२ सप्टेंबर १९५१ रोजी विनोबा दिल्लीला निघाले, तेही पायी! वय ५६, जोडीला अल्सर. भूदान मागत देशभर फिरून पवनारला परतले ते १९६४ मध्ये.

एवढं शाळेत शिकलो होतो. पुढचं नदीकाठी बसून वाचलं. डिसेंबर १९५२ मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या चांडिलला त्यांना मलेरियानं गाठलं. औषध न घेण्याचा हट्ट अखेर सोडावा लागला. पदयात्रा थांबली. म्हणजे रेकॉर्ड त्यांचाही मोडलाच! पण बरे झाल्यावर ते पुन्हा चालू लागले.

टार्गेट होतं ५ कोटी एकरांचं. मिळाली ४० लाखांहून थोडी जास्त. त्यातलीही बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. आपल्या अप्रेझलमध्ये याला सरळ ‘नापास’ म्हणतील. पण लाखो एकर भूमिहीनांपर्यंत पोहोचली, हेही खरंच. ज्या घराला त्यातली एक-दोन एकर मिळाली, त्यांना कुणी टक्केवारी विचारावी?

ऑटोवाला बाहेर थांबला होता. म्हटलं, ‘भाऊ, तुम्ही पुढे व्हा, मी फाट्यापर्यंत चालत येते.’ विदर्भातलं ऊन, पायात लग्नातल्या चपला. जेमतेम वीस मिनिटं चालले असेन.

घरी आल्यावर नवीन कॅलेंडर आणणार होते, कोरं करकरीत. नाही आणलं. जुन्यावरचे रिकामे चौकोन तसेच आहेत. त्यांच्यापुढे आता तीन फुल्या आहेत. काल पाऊस होता, कालचा चौकोन रिकामा. आज बूट दाराशी काढून ठेवलेत.