वरुणेपलीकडची रात्र

वाराणसीच्या उत्तर अंगाने वरुणा वाहते. पांडेपूर मागे टाकून लमही किंवा चोलापूरच्या दिशेने निघालं की घाटांची, घंटांची काशी फार लवकर संपते आणि गंगेच्या गाळाने घडवलेला सपाट मुलूख सुरू होतो. आंब्याच्या बागा, बांबूची बेटं, शेवाळलेली तळी, गुडघाभर पाण्यात लावलेला भात. श्रावणात हा मुलूख इतका हिरवा आणि इतका ओला असतो की घराची हद्द कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. भिंतीला टेकून गोवऱ्यांची उतरंड, शेजारी गवताने शाकारलेला भुसकटाचा ढीग, पुढेमागे बांधायच्या खोलीसाठी रचून ठेवलेल्या विटा, आत धान्याच्या कणग्या आणि कणग्यांभोवती उंदीर. नाग, मण्यार, घोणस, धामण, दिवड ही सगळी मंडळी इथे राहतात, आणि ती घरात ‘शिरतात’ ही आपली समजूत मला अर्धवट वाटते. कोरडी फट, बेडकांचं तळं आणि उंदरांचं कोठार हे सगळं आपणच एका अंगणात मांडून ठेवलेलं असतं. सर्पदंशाचा प्रश्न सापाच्या स्वभावात कमी आणि घराच्या मांडणीत जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे. ते काशीच्या संदर्भातच मांडावं असं वाटतं, कारण नागाला इतका मान दुसऱ्या फार थोड्या शहरांनी दिला असेल.

शहराच्या उत्तर भागात, जैतपुऱ्यात, नागकूप आहे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या खोल उतरत जातात आणि तळाशी हिरवं पाणी असतं. काशीखंडातली कर्कोटक नागाची वापी ती हीच, असं मानतात. नागपंचमीआधी पाणी उपसून तळ स्वच्छ करतात, तेव्हा एरवी पाण्याखाली असलेल्या शिवलिंगाचं दर्शन होतं. महाभाष्यकार पतंजली शेषाचे अवतार आणि त्यांनी याच ठिकाणी भाष्य रचलं, अशी इथली श्रद्धा आहे. म्हणून त्या दिवशी इथे व्याकरणाचा शास्त्रार्थ होतो, आणि गल्ल्यांमधून पोरं नागाची चित्रं विकत फिरतात ती ‘छोटे गुरू’ आणि ‘बडे गुरू’, म्हणजे पतंजली आणि पाणिनी, यांच्या नावाने. या परंपरेत मराठी माणसांचा वाटाही मोठा आहे. महाभाष्यावरच्या कैयटाच्या ‘प्रदीप’ टीकेवर ‘उद्द्योत’ लिहिणारे नागेशभट्ट हे काशीत राहिलेले महाराष्ट्रीय, आडनावाने काळे. उत्तरेतला श्रावण आपल्याआधी पंधरवडाभर सुरू होतो, पण नागपंचमी मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी येते. त्या दिवशी आपल्याकडच्या बायका पाटावर गंधाने नाग काढतात, तर तिकडे दारावर कागदी नाग चिकटवतात. चित्रातला नाग नेहमी फणा काढलेला असतो, कारण देव म्हणून डोळ्यांत भरतो तो नागच. मण्यारीचं चित्र कुणी दाराला लावत नाही.

वरुणेपलीकडच्या झोपलेल्या घराला खरी भीती मात्र या चित्र नसलेल्या सापाची आहे. तिकडे तिला करैत म्हणतात. निळसर काळा चकचकीत रंग, अंगावर बारीक पांढऱ्या जोडपट्ट्या, दिवसा सुस्त आणि रात्री चपळ. ती उंदीर, पाली आणि दुसरे सापही खाते, आणि त्यांच्या मागावर घरात येते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाचा हात कुशीवर वळताना तिच्यावर पडतो आणि ती चावते. दात इतके बारीक की खूण बहुधा दिसत नाही, सूज येत नाही, वेदना जवळजवळ नसते. कित्येकदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात कळा येतात, घसा आवळल्यासारखा होतो, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास. घरचे लोक खाण्यातून काही बाधलं असेल म्हणून ओवा देतात. नाग बहुधा डिवचला गेल्यावर, फूत्कार करून, जागेपणी चावतो. निदान काय चावलं ते तरी कळतं.

देशभरातल्या मृत्यूंच्या नमुना नोंदणीवर आधारलेला ‘मिलियन डेथ स्टडी’ सर्पदंशाचा आवाका दाखवतो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि चारातला एकाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालच्या मुलाचा. याच मालिकेतल्या आधीच्या अभ्यासानुसार 2005 मध्ये एकट्या उत्तर प्रदेशात अंदाजे 8,700 मृत्यू झाले. हा आकडा सगळ्या राज्यांत मोठा होता. 97 टक्के मृत्यू खेड्यांतले होते, आणि इस्पितळात झालेले मृत्यू चारातला एकही भरत नव्हते. शेवटची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. बाकीची माणसं घरी, वाटेत किंवा मांत्रिकाच्या ओट्यावर गेली.

नागपंचमीची कहाणी या आकड्यांशेजारी ठेवून वाचावी. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मरतात, ती रात्री त्याच्या घरी येते आणि झोपलेल्या सगळ्यांना डसते. वाचते ती सासरी गेलेली लेक, कारण ती नागाची पूजा करत असते, आणि तिच्यामुळे पुढे बाकीचेही उठतात. कहाणी रचणाऱ्या बायकांनी फार अचूक पाहिलं होतं. पावसाळा, शेतीचा हंगाम, उद्ध्वस्त झालेलं बीळ, रात्रीची वेळ, अंथरुणावरची माणसं, एका घरात एकाहून अधिक बळी. यातला सूड तेवढा कल्पनेतला आहे. साप सूड धरत नाही, त्याच्या मेंदूत तेवढी जागाच नाही. पण सूड वगळला तर उरतं ते वर्णन मण्यारीच्या रात्रीचं आहे. म्हणून या श्रद्धेला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही, हा आपल्याकडचा नेम म्हणजे पावसाने बिळाबाहेर काढलेल्या जिवापासून एक दिवस अंतर राखणं आहे. आक्षेप घ्यायचा तर तो अंतर मोडणाऱ्या भक्तीवर घ्यावा. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पकडून त्यांच्या मिरवणुका निघत. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं, आणि योग्य केलं. साप दूध पचवू शकत नाही, तहानेने व्याकूळ केलेला असेल तर तोंड लावतो, आणि त्यातून पुढे मरतोही. काशीचा कागदी नाग त्या मानाने कितीतरी शहाणा आहे.

मांत्रिकाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला याच वाटेवरच्या लमहीत थांबावं लागतं. 1880 मध्ये प्रेमचंदांचा जन्म तिथे झाला. त्यांच्या ‘मंत्र’ या कथेत गोल्फला निघालेला डॉक्टर चढ्ढा म्हाताऱ्या भगतच्या आजारी मुलाला बघायलाही नकार देतो आणि मुलगा जातो. पुढे डॉक्टरच्या स्वतःच्या मुलाला साप चावतो तेव्हा तोच भगत रात्री येऊन मंत्राने त्याला वाचवतो आणि काही न घेता निघून जातो. मंत्राने विष उतरतं हे यातून सिद्ध होत नाही. पण भगत बोलावल्याशिवाय आला आणि डॉक्टर दाराशी आलेल्यासाठीही थांबला नाही, हा भेद खरा आहे आणि तो आजही खेड्यात टिकून आहे. लोक मांत्रिकाकडे जातात कारण तो मध्यरात्री घरी असतो. शिवाय त्याच्याकडे आलेले बरेचजण बरे होतात हेही खरं आहे. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, बिनविषारी कवड्या सापाला लोक मण्यार समजतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. या सगळ्यांचं श्रेय मंत्राला जातं. मण्यारीच्या बाबतीत मात्र मंत्रात गेलेला तास परत मिळवता येत नाही. तिचं विष मज्जातंतूंची टोकं निकामी करतं, आणि एकदा ती निकामी झाली की प्रतिविषही ती चटकन पूर्ववत करू शकत नाही. मग माणूस कृत्रिम श्वासावर दिवसेंदिवस धरून ठेवावा लागतो. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल इस्पितळापर्यंत पोचलेल्याला ती सोय मिळू शकते. चोलापूरकडच्या वस्तीवर पहाटे तीन वाजता पापण्या मिटू लागलेल्या मुलीला तिथवर कोण आणि कशावरून नेणार, हा खरा प्रश्न आहे. नेपाळच्या तराईत, दमक इथे, गावच्या मोटारसायकलस्वारांनी सर्पदंश झालेल्यांना ताबडतोब उपचार केंद्रात पोचवण्याची आणि सोबत गावोगाव माहिती देण्याची योजना राबवली, तेव्हा दंशाने मरणाऱ्यांचं प्रमाण 10.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आलं. तराई म्हणजे याच मैदानाचा उत्तरेकडचा पट्टा. साप जवळपास तेच, उकाडा तोच.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, दिसेल तो साप मारावा. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला हा सल्ला देण्याचा हक्क आहे, आणि त्यांना पर्यावरणाचे धडे देणं मला निष्ठुर वाटतं. तरीही हा उपाय चालत नाही. मारायला जी काठी उचलली जाते ती बहुधा धामणीवर किंवा दिवडावर पडते, कारण दिवसा दिसतात ते हेच. मण्यार काठीच्या वेळी फटीत झोपलेली असते. धामण गेली की उंदीर वाढतात, आणि उंदीर वाढले की फटीत राहणाऱ्याला खाणं मिळतं. पुराच्या दिवसांत तर मारून संपणारच नाही. गंगा धोक्याच्या 71.26 मीटरच्या खुणेवर चढली की वरुणेचं पाणी उलटं फिरतं आणि काठच्या वस्त्यांत शिरतं. 1978 मध्ये गंगेचं पाणी 73.9 मीटरवर गेलं होतं. अशा वेळी उंच, कोरडी जागा हवी असते ती माणसाला आणि सापाला सारखीच.

उरतो तो घराच्या आतला बदल. गोवऱ्या आणि विटा भिंतीपासून दूर रचायच्या, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवायचं, रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्यायची आणि बाजेवर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचायच्या. आग्नेय नेपाळमध्ये केलेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका लक्षणीय कमी आढळला. यावरचा आक्षेपही खरा आहे. भादव्याच्या दमट रात्री वीज गेली की जाळीत जीव गुदमरतो, आणि सिमेंटची गार जमीन झोप देते. शिवाय गरीब घरात बाजा असतात एक-दोन आणि त्यांवर पुरुष नाहीतर म्हातारी माणसं झोपतात. जमीन उरते ती बायकांना आणि मुलांना. मृत्यूंमध्ये एवढी मुलं का, याचं थोडं उत्तर या वाटपातही असावं असं मला वाटतं. म्हणून हा उपाय घराच्या शहाणपणावर सोडून देता येणार नाही.

उत्तर प्रदेशाने 2018 मध्ये सर्पदंशाला राज्य आपत्ती ठरवलं. मृताच्या वारसांना चार लाख रुपये मिळतात. केंद्राने 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. ही भरपाई मिळायलाच हवी, तिने कित्येक उघडी पडलेली घरं सावरतात. पण एक मच्छरदाणी चारशे रुपयांची धरली तरी चार लाखांत हजार मच्छरदाण्या येतात, म्हणजे एका मोठ्या गावात जमिनीवर झोपणाऱ्या प्रत्येकाला एक. त्या जूनच्या आत, भाताची लावणी सुरू होण्यापूर्वी वाटायला हव्यात, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या निदान वीस कुप्या, ते द्यायला न बिचकणारा डॉक्टर आणि रात्री दाराशी उभी असलेली गाडी हवी.