कानातली गाज

वाचकहो, या पानावर मी लिहायला बसलो की तुम्ही हुमणी, गोगलगाय नाहीतर बीजप्रक्रिया यांची तयारी ठेवता. आज त्यातले काही नाही. आज मी तुम्हांला समुद्राच्या आवाजाविषयी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, साहेबांचे डोके ठिकाणावर आहे ना? आपल्या शिवारापासून समुद्र शेकडो कोस दूर, आणि इथे प्यायच्या पाण्याला टँकर! पण जरा धीर धरा. गोष्ट पेरणीचीच आहे, फक्त ती रात्रीची आहे.

२०२३ सालचा जून तुम्ही विसरला नसाल. मृग कोरडा गेला. २५ जूनला मोसमी पाऊस मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला, आणि आमच्या मराठवाड्यातल्या मंडळातही त्या दोन-तीन दिवसांत सरी झाल्या. हवामान केंद्राच्या यंत्रावर मी आकडा पाहिला, ५२ मिलिमीटर. आता, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे वाक्य मी तीस वर्षे सांगत आलो आहे. सभांतून सांगितले, भिंतींवर रंगवून घेतले. पण त्या दिवशी पारावर पन्नासेक माणसे बसली होती. तीन आठवडे वाट पाहून त्यांचे डोळे थकले होते. वर आभाळ भरलेले, टीव्हीवरच्या नकाशात ढग दाटलेले. कुणीतरी विचारले, "मग साहेब, धरायची का तिफण?" मी म्हणालो, "ओल चांगली आहे. उरकून घ्या."

दुसऱ्या दिवशी सारे शिवार पेरते झाले. पुढे बारा दिवस थेंब नाही. जे उगवले ते करपले, जे उगवले नाही ते मातीतच कुजले. त्या गावात नाना म्हणून एक वयस्कर शेतकरी आहेत. चार एकरांत त्यांनी घरचेच सोयाबीन पेरले होते. बियाणे खोटे नव्हते. मी स्वतः त्यांच्याकडून ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून घेतले होते आणि ब्याऐंशी उगवले होते. ते सारे मातीत गेले. दुसऱ्या पेरणीला नानांनी दुकानातून उधारीवर पिशव्या उचलल्या. त्यावर ऑगस्ट असा आला की देशात १९०१ पासून एवढा कोरडा ऑगस्ट नोंदलेला नाही. फुले गळाली. एकरी तीन क्विंटलही हाती लागतील असे दिसेना.

माझी झोप तेव्हा उडाली. रात्री दोनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. सौभाग्यवती विचारी, "अहो, कितीदा उठता? काही दुखतंय का?" दुखत काही नव्हते. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, चहा कमी करा म्हणाले. चहा कमी केला. जाग कमी झाली नाही.

त्याच सुमारास पुण्याला नोकरी करणारी मुलगी चार दिवसांसाठी घरी आली होती. तिने माझ्या फोनवर काही घातले, कानाला तारा लावल्या आणि म्हणाली, "बाबा, हे ऐकत पडा. बोलू नका." ऐकतो तर लाटा! एक लाट येते, फुटते, वाळूवरून सरसरत मागे जाते, तोवर मागून दुसरी. मधूनच लांबवर कुणी बासरीचा एकच सूर धरून बसल्यासारखे. मला हसू आले. ज्या समुद्रावरून पाऊस यायचा होता त्याचा आवाज माझ्या कानात, आणि खिडकीबाहेर फुफाटा!

पण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी बी.एस्सी. अॅग्री केले ते दापोलीला, कोकण कृषी विद्यापीठात. १९८८ साली तिथे गेलो, तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. दापोली डोंगरावर, समुद्र खाली, काही मैलांवर. एका कोकणी वर्गमित्राचे घर मुरुडला होते, महर्षी कर्व्यांच्या मुरुडला. पहिल्यांदा त्याच्याकडे मुक्कामाला गेलो तेव्हा माडांच्या वाडीपलीकडून रात्रभर धडधड चालू. मला काही केल्या झोप लागेना. मित्राची आजी म्हणाली, "अरे, ही गाज हो. ऐकत पड. आम्हांला ती थांबली तर जाग यायची." गाज हा शब्द मी त्या रात्री शिकलो. पुढे चार वर्षे सुटी मिळाली की सायकल काढून आम्ही खाली उतरत असू. हर्णैचा मासळीचा लिलाव पाहायचा, किनाऱ्यावर पाय सोडून बसायचे आणि परीक्षेची भीती तिथे सोडून यायची. वर चढताना मात्र सायकल ढकलावी लागे.

हे फोनमधले प्रकरण आहे तरी काय, याचा मी मग शोध घेतला. खोड आहे मला ती. अमेरिकेत १९६९ साली आयर्विंग टायबेल नावाच्या माणसाने एक तबकडी काढली. तिच्या एका बाजूला गाणे नाही, बोलणे नाही, नुसता समुद्र. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागात ब्रायटन बीच म्हणून किनारा आहे, तिथल्या लाटा त्याने ध्वनिफितीवर उतरवल्या होत्या. पण घरी ऐकताना त्या त्याला खऱ्या वाटेनात. मग एका जाणकार मित्राच्या मदतीने त्याने तो आवाज त्या काळच्या आय.बी.एम. कंपनीच्या खोलीएवढ्या संगणकातून काढला आणि हवा तसा करून घेतला. म्हणजे लोकांना खरा वाटलेला तो समुद्र बराचसा घडवलेला होता! तबकडी कोणत्याही गतीवर फिरवली तरी चालत असे. गती कमी केली की लाटा जड आणि संथ होत. लोकांनी ती झोपेसाठी घेतली, अभ्यासासाठी घेतली. १९७९ पर्यंत त्याने अशा अकरा तबकड्या काढल्या, पावसाच्या, रानाच्या, पाखरांच्या.

त्याच सुमारास, १९७० साली, रॉजर पेन या शास्त्रज्ञाने कुबड्या देवमाशांच्या आवाजाची तबकडी काढली. हे मासे तासन्‌तास गातात. तीच तीच कडवी त्याच क्रमाने पुन्हा म्हणतात. १९७९ च्या जानेवारीत नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने त्या गाण्याची पातळ तबकडी अंकातच घालून दिली, कोटीभर प्रती. एरवी तेलासाठी ज्याला मारत त्याचे गाणे लोकांनी घरात बसून ऐकले, आणि देवमासे वाचवा म्हणणाऱ्यांच्या आवाजात जोर आला. पुढे वादक मंडळींनी अशा आवाजांना सतार, बासरी, पियानो यांची जोड दिली. या सगळ्याला तिकडे न्यू एज म्हणजे नवयुगीन संगीत म्हणू लागले, आणि १९८७ पासून ग्रॅमी पुरस्कारांत त्याचा वेगळा वर्गच झाला.

आता माझे मत विचाराल तर यातला पुष्कळसा माल पाकात बुडवलेला असतो. सूर इतके गोड की दात शिवशिवावेत. शिवाय जाहिराती! अमुक लाटा ऐका, मधुमेह जाईल. तमुक ऐका, बुद्धी वाढेल. पानांवर फवारा की उत्पन्न दुप्पट म्हणणाऱ्या बाटल्या आपण कमी पाहिल्या आहेत का? त्याच जातीचे हे. मुलीला सांगून मी बासरी काढायला लावली आणि नुसत्या लाटा ठेवल्या.

त्या लाटांनी मात्र गुण दिला, आणि त्याचे कारण साधे आहे. लाट फुटते तेव्हा पाण्यात हवा कोंडली जाते, असंख्य बुडबुडे होतात, आणि आवाज होतो तो त्या बुडबुड्यांचा. घागर भरताना जो आवाज होतो त्याचेच हे थोरले भावंड. लहान बुडबुड्यांचा आवाज बारीक, मोठ्यांचा जाड. सगळे मिळून अशी चादर होते की तिच्याखाली कुत्र्याचे भुंकणे, पत्र्याची खडखड झाकून जाते. आपल्याला जागे करतो तो आवाज नव्हे, आवाजातला बदल. पिठाच्या गिरणीवाला गिरणी चालू असता डुलक्या घेतो आणि पट्टा निसटला की दचकून उठतो, तसेच. (एक सांगून ठेवतो. शेतावर राखणीला असाल, रात्रपाळीच्या विजेसाठी मोटारीपाशी असाल, तर या तारा कानात घालू नका. रानडुक्कर लाटांतून ऐकू येत नाही. आणि घरी लावाल तरी आवाज बारीक ठेवा.)

तर झोप येऊ लागली. पण मला सांगायचे आहे ते झोप येण्याआधीच्या अर्ध्या तासाविषयी.

त्याआधी रात्री जाग आली की मी स्वतःशी खटला चालवत असे. यंत्राचा दोष, हवामानाच्या अंदाजाचा दोष, घाई करणाऱ्या माणसांचा दोष. वकील मीच, न्यायाधीशही मीच. निकाल रोज माझ्या बाजूने, आणि तरी झोप नाही. लाटा ऐकत पडलो की हे वाद फार वेळ टिकत नसत. एक सबब यायची आणि पुढच्या लाटेबरोबर मागे जायची. दुसरी यायची, तीही जायची. असे चार-पाच रात्री झाले, आणि एका रात्री सगळे ओसरल्यावर वाळूवर एकच गोष्ट उरली. मी चुकीचा सल्ला दिला हे तर होतेच. पण मी त्या माणसांना ५२ हा आकडा सांगितलाच नव्हता. आकडा माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. तो सांगितला असता तर पारावरच्या पन्नासांपैकी दहा जण तरी म्हणाले असते, मग साहेब, भिंतीवर तर पंचाहत्तर लिहिलंय. तसे कुणी म्हणू नये म्हणूनच मी तो सांगितला नाही. हे मला दोन महिने ठाऊक होते. त्या रात्री ते पहिल्यांदा ऐकू आले.

पोळ्याच्या आधी मी नानांकडे गेलो. ते गोठ्यापाशी बैलांचे कासरे वळत बसले होते. मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी पाऊस ५२ मिलिमीटरच झाला होता. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

नानांचे हात थांबले. जरा वेळाने म्हणाले, "म्या बी कुदळ घालून बघितली व्हती. ईतभर सुदीक ओल नव्हती. पर तुमी म्हनलात." मग पुन्हा कासरा वळायला घेऊन म्हणाले, "आकडा सांगितला असता तर म्या थांबलो असतो, साहेब."

वाचकहो, जाऊ द्या, तुमचा काय दोष, असे ते म्हणतील अशी माझी कुठेतरी आशा होती, हे कबूल करतो. ते तसे म्हणाले नाहीत. आम्ही बराच वेळ गप्प बसलो. आतून सूनबाईंनी चहा पाठवला. डॉक्टरांची आठवण असूनही मी तो घेतला.

मग नानांचे लक्ष माझ्या खिशातून लोंबणाऱ्या तारांकडे गेले. "ह्ये काय, कानाचं औषध?" मी एक तार त्यांच्या कानाला लावली आणि समुद्र चालू केला. डोळे मिटून त्यांनी बराच वेळ ऐकले.

"जवारी हाय," ते म्हणाले.

"नाना, समुद्र आहे हा."

"आसंल. म्या कुटं बघितलाय? पंढरीची चंद्रभागा तेवढी ठावं. पर ही जवारी हाय. हुरड्याची न्हवं, वाळल्याली. काढनीच्या आदी वारं सुटलं की ह्या टोकाकडून त्या टोकाला आशीच जाती." आणि हाताने त्यांनी चार एकरांवरून वारा नेऊन दाखवला.

आता त्या गावच्या पारावर एक काळा फळा आहे. जून लागला की पावसाचा रोजचा आणि एकूण आकडा मी तिथे खडूने लिहितो किंवा कृषी सहायकाकडून लिहवून घेतो. २०२४ साली पाऊस बरा झाला. नाना ७८ चा आकडा वाचून, शिवाय कुदळ घालून, मगच पेरायला गेले. मला त्यांनी विचारले नाही.

समुद्र त्यांना आपल्या फोनवर हवा होता, पण त्यांचा फोन जुना, बटणांचा. त्यात तो मावेना. त्यामुळे मी गावात गेलो की चहा होईतो ते हात पुढे करतात आणि विचारतात, "जवारी आनली का, साहेब?"