बावन्न दरवाजे आणि सातशे डोळे

छत्रपती संभाजीनगरला बावन्न दरवाजांचे गाव म्हणतात. आज त्यांतले मोजकेच उभे आहेत. तरी बाहेरगावच्या पाहुण्याला मी वेरूळ-अजिंठ्याच्या आधी हे दरवाजेच दाखवतो. गावाचा स्वभाव त्याच्या वेशीवर कळतो, अशी माझी समजूत आहे.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसवली आणि मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला. पुढे औरंगजेबाने शहराभोवती तट घातला. त्या काळी संरक्षणाचे गणित सोपे होते. धोका बाहेर, माणसे आत. दरवाजा लावला की रात्र निर्धास्त!

आता तट बव्हंशी गेला, वस्ती चहूकडे पसरली आणि धोका आतच बिऱ्हाड करून राहिला. पैठण दरवाजाच्या गर्दीत उभे राहिले की शत्रूच्या घोडेस्वारांची नव्हे, पाठीमागून येणाऱ्या रिक्षाची धास्ती वाटते.

२०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत शहराची निवड झाली. त्यातून सुमारे ७०० कॅमेरे बसले आणि त्यांची चित्रे पोलीस आयुक्तालयातील नियंत्रण कक्षात जाऊ लागली. धडक देऊन पळालेली गाडी कोणत्या चौकातून कुठे वळली, याचा माग अशा चित्रांवरून काढता येतो. हे थोडे नव्हे. पण कॅमेरा पाहतो, हाकेला धावत नाही. तो साक्षीदार आहे, राखणदार नव्हे.

राखण करायची तर नोंदी नकाशावर मांडल्या पाहिजेत. १८५४ मध्ये लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंच्या जागा शोधून ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले, आणि त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. आपल्याकडेही अपघात कोणत्या वळणावर, कोणत्या वेळी पुनःपुन्हा होतात हे कळले, तर तिथे दिवा लावता येईल, गतिरोधक घालता येईल. नोंद झाली आणि दांडा तसाच राहिला, तर ती नुसती वहीभरती!

आणखी एक गोष्ट. वेशीवरचा पहारेकरी आपल्याला पाही, तसे आपणही त्याला पाहत असू. कॅमेऱ्यामागचा माणूस मात्र दिसत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. म्हणून ही चित्रे किती दिवस ठेवतात, कोण पाहतो, हे विचारणे म्हणजे पोलिसांवर अविश्वास नव्हे. जुन्या दरवाजाची किल्ली कोणाकडे असते, हे गावाला ठाऊक असे. या नव्या दरवाजाची किल्ली कोणाकडे, एवढे आपल्यालाही ठाऊक हवे.